चाळीतला उन्हाळ कांदा महिन्याभरातच का सडतो?

प्रश्न : एप्रिलच्या शेवटी चाळ (कांदा साठवायची हवेशीर शेड) भरली. मे संपता संपता खालून पाणी सुटलं, वास मारतोय. दुकानदार म्हणतो, वरून पावडर मारा, पुढच्या वर्षी फुगवणीचं टॉनिक वाढवा. काय करावं? (येवला, चांदवड, देवळा भागातून हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला आहे.)

उत्तर : पावडर मारू नका. टॉनिक वाढवू नका. तुमचा कांदा चाळीत बिघडलेला नाही, तो वावरातच बिघडून चाळीत आला.

कांदा म्हणजे त्या झाडाची शिदोरी. पुढच्या हंगामात डेंगळा (फुलाचा दांडा) काढून बी धरायचं, त्यासाठी पातीतला रस खाली उतरवून ते साठवून ठेवतं. रस उतरला की पात पिवळी पडते, मान बारीक होऊन मिटते. मिटलेली मान हेच कांद्याचं झाकण. काढणीला आलेला कांदा मानेशी दोन बोटांत दाबून बघा. बोटं एकमेकांना जवळजवळ भिडली तर माल टिकणार. मधे भेंडीसारखा गर लागला तर तो कांदा ताबडतोब बाजारात न्या, चाळीत नको.

मान जाड का राहते? उशिरा दिलेल्या युरियाने. लागवडीला साठ दिवस झाले की नत्र बंद. युरिया नाही, युरिया मिसळलेलं खत नाही, 'फक्त एक हात मारा' असं दुकानदार म्हणाला तरी नाही. पात हिरवीगार दिसते, कांदा वजनाला भरतो आणि दुकानदाराची गोणी खपते. पण झाडाला थांबायची सूचनाच मिळत नाही, मान उघडी राहते आणि तिथूनच सड आत शिरते. बिगरलेबलाच्या फुगवणीच्या बाटल्यांबद्दलही हेच. आत काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पाण्याचंही तसंच. काढणीआधी १५ ते २० दिवस पाणी तोडा. उपटायला सोपं जावं म्हणून आदल्या दिवशी पाट सोडणारे अजून भेटतात. त्यांनी चाळ बांधायचा खर्चच करू नये.

निम्म्या झाडांच्या माना मोडून पात आडवी पडली की काढणी. कांदा वावरात तीन दिवस पातीसकट असा पसरा की पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल, म्हणजे ऊन थेट लागत नाही. मग दीड इंच मान ठेवून खांडणी करा, म्हणजे वरची पात कापा. यानंतरचं काम सगळे टाळतात. खांडलेला माल १० ते १२ दिवस सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून सुकवा. जागा नसेल तर शेडनेट बांधा, बाभळीखाली पसरा, पण सुकवा. वरची पापुद्री वाळून रंग चढतो आणि टिकाऊपणा तिथंच ठरतो. सगळ्या सल्ल्यातलं एकच काम करणार असाल तर हे करा. चाळीत चार फुटांपेक्षा रुंद आणि पाच फुटांपेक्षा उंच थर नको. जोड, डेंगळे, चिरलेला माल आत जाऊ देऊ नका.

आता पावडर. सडलेल्या कांद्याला कोणतीही पावडर बरं करत नाही. बीएचसी या कीटकनाशक पावडरीवर १९९७ पासून बंदी आहे, तरी जुन्या सवयीने मागणारे आणि देणारे आहेत. माणसाच्या खाण्याच्या वस्तूवर ते टाकायचं नाही, बस्स. बुरशीनाशक वापरायचंच तर रिकाम्या चाळीच्या लाकडावर आणि जमिनीवर, भरण्याआधी. भरल्यावर नाही. आज वास येत असेल तर तो भाग उपसा, ओला माल बाजूला काढा, उरलेला विकून टाका.

बियाणं : लाल (खरीप) किंवा रांगडा (उशिरा खरीप) कांदा साठवणीला चालत नाही. एन-२-४-१ किंवा भीमा किरण, भीमा शक्ती हे वाण घ्या, पावतीसकट.

कांदाचाळ अनुदान : अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खड्डाही खणू नका. चाळीचा आकार आणि अनुदानाची रक्कम सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून घ्या.