'त्यात काय एवढं?' असं कुठे म्हणता, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, खानापूरहून रोज बेळगावजवळच्या मच्छेला येऊन-जाऊन कारखान्यात डिस्पॅचचं, म्हणजे माल गाडीने पाठवायचं काम करता, तीन वर्षं झाली, बरोबरचे मित्र पुण्याला गेले. माझ्यात खास काहीच दिसत नाही, मग आपली ताकद ओळखायची कशी आणि नोकरीत वापरायची कशी? मध्येच तुम्ही एक ओळ लिहून गेलात, 'गाडी कुठे अडकली की सगळे मलाच फोन करतात, तेवढंच.' त्या 'तेवढंच'कडे मी शेवटी येणार आहे.

मी बेळगावातल्या शहापूरचा. वडील मागावर कापड विणायचे. खालच्या खोलीत माग, वर आम्ही, त्यामुळे त्या खटखटीशिवाय झोप लागायची नाही. वडील जेवायला बसलेले असायचे, खाली माग चालू, आणि घास हातात ठेवूनच ते म्हणायचे, "कडेच्या मागाचा धागा गेला बघ." जाऊन बघावं तर खरंच गेलेला. एकदा विचारलं, तुम्हाला कळतं कसं? तर म्हणाले, "त्यात काय एवढं? आवाज बदलतो की." जन्मभर त्यांनी ही गोष्ट गुणात धरली नाही. तुमची ताकद कोणती असं कोणी विचारलं असतं तर म्हणाले असते, ताकद कसली, पोट भरतोय.

मला वाटतं सगळी मेख इथेच आहे. जे सहज जमतं त्याला आपण काम म्हणत नाही, आणि ज्याला काम म्हणत नाही ते मोजतही नाही. उलट जे घाम गाळून, दोनदा नापास होऊन शिकलो, ते बायोडेटात पहिल्या ओळीला.

ताकद ओळखायच्या चाचण्यांचं विचाराल तर त्या जरूर करून बघा, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लिफ्टन यांच्या कामातून गॅलप या कंपनीची चाचणी निघाली, तिच्यात ताकदीचे ३४ प्रकार आहेत. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली २४ गुणांची यादी मांडली, तिच्यावरची चाचणी नेटवर फुकट करता येते. मीही केली. 'कुतूहल' वर आलं, 'न्यायबुद्धी' वर आली. वाचून बरं वाटलं, पण सोमवारी सकाळी शॉपवर, म्हणजे कारखान्यातल्या कामाच्या जागी जाऊन त्या न्यायबुद्धीचं करायचं काय, ते काही कळलं नाही. चाचणीतून आपल्याला शब्द मिळतो. तो आपल्या कारखान्यात कुठे बसतो ते आपणच शोधायचं.

मला ते योगायोगाने सापडलं. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून कास्टिंग ओतायच्या कारखान्यात, मी इन्स्पेक्शनला होतो. २००९ चा पावसाळा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, खानापूरवाल्याला मी काय सांगणार! पंपाच्या कास्टिंगचा लॉट गिऱ्हाइकाकडून परत यायला लागला. बाहेरून पीस चकचकीत, मशीनवर एक कट घेतला की आत ब्लो होल, म्हणजे वायूने राहिलेली पोकळी. रोज सकाळी केबिनमध्ये मीटिंग. मेल्टिंगवाले म्हणणार साच्याची सँड ओली, सँडवाले म्हणणार मेटल थंड ओतलं, आणि मेस्त्री म्हणणार की पोरांचं लक्ष मोबाइलमध्ये.

मी हीट नंबर, म्हणजे कोणता पीस कोणत्या वेळी वितळवलेल्या धातूचा ते सांगणारे आकडे, काढून बघितले तर वाईट पीस बहुतेक सोमवारचे. एवढं कोणालाही काढता आलं असतं. पुढे मी कोअर शॉपमध्ये जाऊन एका पालथ्या खोक्यावर बसलो. कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ व्हावं म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. तिथे सगळ्या बायका, बहुतेक गोकाककडच्या, कन्नड बोलणाऱ्या. माझी शाळा मराठी, कन्नड शिकलो ते बसमध्ये आणि बाजारात. मराठीत आपण 'कोअर आला' म्हणतो, म्हणून मी बेधडक विचारलं, सोमवारी जो "कोर बंदा" तो कसा होता? कन्नडमध्ये 'बंदा' म्हणजे पुरुषमाणूस आला. वस्तूला 'बंतु' म्हणतात. एक अक्का तोंडाला पदर लावून म्हणाली, "यार बंद्री?" म्हणजे, कोण आला हो? सगळं शॉप हसायला लागलं, मीही हसलो.

हसणं थांबल्यावर त्याच अक्काने रॅकवरून एक कोअर उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हसी अदावरी." ओले आहेत. हाताला नुसता गार लागत होता. शनिवारी केलेले कोअर शटरजवळच्या रॅकवर ठेवायचे, रविवारी सुट्टी, पश्चिमेकडून पावसाचे तुषार आत यायचे. आमचे कोअर सिलिकेटचे, म्हणजे वाळूत ते कालवून, त्यात सीओटू वायू सोडून कडक केलेले. असा कोअर दमट हवेत पडून राहिला की पाणी धरतो. सोमवारी त्यावर तापलेलं मेटल पडलं की पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की तिथे पोकळी राहते. मी म्हटलं, अक्का, हे आधी सांगितलं का नाही? "यारू केळलिल्लरी." कोणी विचारलंच नाही.

रॅक आत हलवला, सोमवारी कोअर गरम करून घ्यायला लागलो. पुढच्या लॉटमध्ये ती तक्रार आली नाही.

मालक खूश. म्हणाले, "तुला कन्नड येतं, हीच तुझी ताकद." मीही तसंच धरून चाललो, आणि इथे माझी दोन वर्षं वाया गेली. कन्नड येतं म्हणून मला सरकारी परवान्याच्या कामाला पाठवायला लागले. तिथलं कन्नड म्हणजे फायलीतलं. अर्ज वाचतानाच माझी बोबडी वळायची. दोनदा कागद चुकले, तिसऱ्यांदा मालकांनी दुसऱ्याला पाठवलं. आणि खरं सांगायचं तर बेळगावात तीन भाषा कोणाला येत नाहीत? रविवार पेठेतला हमालसुद्धा गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. त्यात माझं असं काय होतं?

नंतर आमच्याकडे बिहार-ओडिशाकडची मोल्डिंगची पोरं आली. माझी हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावलेलं. तरी मशीन खराब झालं की ती पोरं मेस्त्रीला सांगायच्या आधी मला सांगायची. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा प्रश्न भाषेचा नव्हताच. समोरच्याला 'हा मला पकडायला आलाय' असं न वाटू देता विचारणं, एवढंच मला जमत होतं. मोडकी भाषा त्यात उलट मदतच करत होती, कारण चूक आधी माझी व्हायची.

म्हणून सांगतो, आपल्या ताकदीला जे पहिलं नाव सुचेल त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. माणसं बदलली, खातं बदललं, तरी तीच गोष्ट पुन्हा होते का ते बघा.

हे बघायची एक जुनी रीत आहे. व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांनी १९९९ मधल्या एका लेखात ती सांगितली आहे, आणि तेही म्हणतात की ती शेकडो वर्षं जुनी आहे. महत्त्वाचा निर्णय घेताना काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं आणि नऊ ते बारा महिन्यांनी जे झालं त्याच्याशी ताडून बघायचं. मी मोठे निर्णय घेणारा कोण? पण ऑइलच्या डीलरने फुकट दिलेल्या डायरीत लिहायला लागलो. एका पानावर होतं, 'गेजचं (मापं तपासायच्या साधनांचं) सगळं रेकॉर्ड दिवाळीपर्यंत पूर्ण.' पुढची दिवाळी आली तरी अर्धंच. त्याखाली होतं, 'फेटलिंग (ओतलेले पीस घासून साफ करणारं खातं) आणि मशीन शॉपचं भांडण, मिटेल असं वाटत नाही.' ते पंधरा दिवसांत मिटलं होतं, आणि मी काय केलं होतं ते मला आठवतसुद्धा नव्हतं. आठवत नव्हतं, हीच खूण.

म्हणून रेकॉर्ड सोडून देता येतं असं नाही. आपल्याकडच्या छोट्या कारखान्यात 'ही माझी ताकद नाही' म्हणालात तर तुम्हाला गेटपास मिळेल. ऑडिटला शिव्या बसणार नाहीत इतपत मी ते काम करायला शिकलो, त्याच्या पुढे गेलो नाही.

वापरायची कशी, याचं उत्तर जरा रुक्ष आहे. कोणी बोलावून खुर्ची देत नाही. मी मालकांकडे एकच मागितलं: सकाळची केबिनमधली मीटिंग मला नको, त्याऐवजी शिफ्ट बदलताना वीस मिनिटं शॉपवर उभं राहू द्या. यात त्यांचा खर्च शून्य, म्हणून हो म्हणाले. पगार वाढायला पुढे दीड वर्ष गेलं, तेही मागितल्यावर. आणि याचा त्रासही आहे. जाता-येता कोणीतरी धरतंच, "खुटं चाललास रे, जरा बस की," आणि त्याची सासू, त्याचं कर्ज, सगळं ऐकून घ्यावं लागतं. माझं काम तिकडे पडून. आता जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन गच्चीवर जातो.

आता तुमचं 'तेवढंच'. डिस्पॅचला तुम्ही एकटेच नसणार. मग गाडी अडकल्यावर फोन तुम्हालाच का येतो? तुम्ही म्हणाल ट्रान्सपोर्टवाल्यांची ओळख आहे. असेल, पण माझं कन्नड होतं तसं हे पहिलं नाव असू शकतं. कदाचित ड्रायव्हर तुमच्याशी खरं बोलत असेल. किंवा गाडी पोचणार नाही हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायची हिंमत फक्त तुमच्यात असेल. किंवा गोव्याकडे जाणारा चोर्ला घाट बंद झाला तर माल कुठून काढायचा, हे तुमच्या डोक्यात आदल्या दिवशीच तयार असेल. तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींना वेगळी नोकरी लागते. पुण्याला जायचं की नाही ते त्यावर ठरेल, आज मी कसं सांगू?

मागच्या वेळी गाडी अडकली तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी कोणाला फोन केला आणि पहिलं वाक्य काय बोललात, ते आठवून खाली लिहा बघू.