कनेक्शन पूल वाढवला तरी अ‍ॅप अडकतंच

प्रश्न: ताई, अंधेरीत एका कंपनीत बॅकएंडला आहे. स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क), पोस्टग्रेस डेटाबेस, अ‍ॅपचे ३ सर्व्हर. सकाळी लोड आला की सगळं अडकतं आणि लॉगमध्ये येतं की ३० सेकंद थांबून कनेक्शन मिळालं नाही. पूल (डेटाबेसशी आधीच जोडून ठेवलेली कनेक्शन्स) १० चा ५० केला तर आता डेटाबेसच 'टू मेनी क्लायंट्स' म्हणतोय. रीस्टार्ट मारला की थोडा वेळ बरं चालतं. मशीन मोठी घ्यायची का?
- एक वाचक, डोंबिवली

उत्तर: मशीनवर पैसे घालू नका हो, आत्ता तरी नको. प्रत्येक सर्व्हरचा पूल वेगळा, म्हणून ३ सर्व्हर गुणिले ५० म्हणजे १५० कनेक्शन, आणि पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव, मग एरर येणारच. ती मर्यादा वाढवत बसायचं तर पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस लागते, मेमरी खाते.

खरी खूण तुम्हीच दिलीय, रीस्टार्टनंतर बरं चालतं! म्हणजे बहुतेक कुठेतरी कनेक्शन घेतलं जातंय आणि परत होत नाहीये. जेडीबीसी टेम्प्लेट (स्प्रिंगचा क्वेरी चालवायचा तयार क्लास) कनेक्शन स्वतः परत करतो, त्यामुळे जिथे कुणी थेट डेटासोर्सकडून कनेक्शन मागितलंय तो कोड आधी उघडा. मधेच एक्सेप्शन आलं की खालचा क्लोज चालतच नाही, तिथे ट्राय-विथ-रिसोर्सेस लावा, एक्सेप्शन आलं तरी ते क्लोज आपोआप करतं, जावा ७ पासून आहे. आणि हिकारीचं (स्प्रिंग बूटमध्ये पूल सांभाळणारी लायब्ररी) लीक डिटेक्शन, म्हणजे परत न आलेलं कनेक्शन पकडणं, डिफॉल्टने बंद असतं, ते २०००० मिलिसेकंदावर चालू करा, मग तेवढ्या वेळात परत न आलेलं कनेक्शन कोडमध्ये कुठून घेतलं होतं त्याचा स्टॅक ट्रेसच लॉगमध्ये येतो, अंदाज बांधायची गरजच उरत नाही.

दुसरं, अ‍ॅप अडकलेलं असतानाच पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी (कुठलं कनेक्शन आत्ता काय करतंय ते दाखवणारा पोस्टग्रेसचा तक्ता) बघा, रीस्टार्ट मारायच्या आधी. तिथे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अशा बऱ्याच ओळी दिसल्या तर ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून कोड भलतंच काहीतरी करतोय, बरेचदा एसएमएस नाहीतर पेमेंटचा एपीआय कॉल. त्या ओळीत शेवटची क्वेरी पण दिसते, त्यावरून जागा सापडते. कॉलला २ सेकंद लागले तर १० कनेक्शनमध्ये एका सर्व्हरवरून सेकंदाला जेमतेम ५ रिक्वेस्ट जाणार, मग क्वेरी कितीही फास्ट असू दे! कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा.

एवढं झालं की पूल परत १० वर आणा आणि सकाळच्या लोडमध्ये बघा. पीजीबाउन्सरचा (अ‍ॅप आणि पोस्टग्रेसच्या मधे बसून कनेक्शन्स वाटून देणारं टूल) विचार सर्व्हर वाढले की करू.