कामाचे तुकडे करून बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पुढची दहा-पंधरा वर्षं टिकेल असं क्षेत्र सांगा, असं तू लिहिलंस. ते मला सांगता येणार नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्यांवरही फार विसंबू नकोस. कोडिंग शिकलं की पोटापाण्याची ददात मिटली, हे अगदी अलीकडेपर्यंत सर्रास ऐकू यायचं. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्याच कोडिंगमधली नवशिक्यांना मिळणारी कितीतरी कामं यंत्राला जमू लागली. त्यामुळे क्षेत्र कोणतं, हे विचारण्याऐवजी एवढंच बघ: माझ्या कामातला कोणता भाग जाणार, आणि तो गेल्यावर माझ्या हाती काय उरणार?

डोरोथी व्हॉन यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. मूळच्या गणिताच्या शिक्षिका. 1943 मध्ये अमेरिकेतल्या लँग्ली संशोधन केंद्रात त्या आकडेमोडीच्या कामावर लागल्या. 1949 मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय महिलांच्या गणन विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढे केंद्रात संगणक आले. हातानं हिशेब करणाऱ्यांची गरज सरत जाणार, हे उघड होतं. व्हॉन फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकल्या आणि सहकारी महिलांनाही शिकवली. आधीची मेहनत वाया गेली नाही, कारण संगणकाला घालायचं गणित तेच होतं आणि ते त्यांचं पक्कं होतं. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: त्या एकट्याच पुढे निघून गेल्या नाहीत.

हिशेबनिसांचंही असंच झालं. 1979 मध्ये व्हिसिकॅल्क हे संगणकावर आकड्यांचे तक्ते मांडायचं सॉफ्टवेअर आलं. एक आकडा बदलला की अख्खा तक्ता आपोआप बदलू लागला. नुसत्या बेरजा-वजाबाक्यांची किंमत घसरली. भाव अमुक झाला तर नफ्याचं काय होईल, हे मांडून दाखवणाऱ्याची वाढली.

आता तुझ्याकडे येतो. पंधरा दिवस रोज संध्याकाळी, आज काय काय केलं ते लिहून काढ. ‘अहवाल केला’ असं मोघम नको. आकडे गोळा केले, तक्ता केला, मसुदा लिहिला, असे तुकडे पाड आणि प्रत्येकापुढे ‘जाणार’ की ‘उरणार’ ते लिही. हे तीनही तुकडे आज ना उद्या यंत्राकडे जातील. पण एक आकडा अचानक निम्म्यावर आला म्हणून मनात शंका येणं, संबंधित माणसाला फोन करून खरी भानगड काढून घेणं, आणि शेवटी त्या कागदाची जबाबदारी घेणं, हा भाग सहजासहजी जाणारा नाही. तिथे वेळ घाल.

मात्र इथे एक धोका आहे आणि तुझ्या वयाच्या मुलांसाठी मला त्याचीच काळजी वाटते. ती शंका आपोआप येत नाही. कंटाळवाणं काम शेकडो वेळा स्वतः केल्यावर नजर तयार होते. ते काम पहिल्या दिवसापासून यंत्रावर सोपवलंस, तर त्याची चूक तुला कधी दिसणारच नाही. म्हणून निदान शिकण्याच्या काळात आधी स्वतः उत्तर काढ, मग यंत्राचं बघ आणि फरक कुठे पडला ते शोध. वेळ दुप्पट लागेल. लागू दे.

पैशांचं थोडक्यात सांगतो. सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम बाजूला पडेपर्यंत नवा हप्ता अंगावर घेऊ नकोस. हप्त्यांच्या ओझ्याखाली माणूस मिळेल ती नोकरी धरून ठेवतो, नवं शिकायला पगार कमी घ्यावा लागला तर त्याला ते परवडत नाही. आणि केलेल्या कामाची नोंद स्वतःजवळ ठेव: अडचण काय होती, तू काय केलंस, त्याचं पुढे काय झालं. कंपनीची गुपितं त्यात नकोत. नोकरी शोधायची वेळ आली की ऐनवेळी यातलं काही आठवत नाही.

यादी झाली की मला पाठव. कोणत्या तुकड्यापुढे काय लिहायचं ते कळलं नाही तर तो कोराच ठेव. त्यावर आपण बोलू.

तुझा,
काका