चढ चढून गाडी थांबवली की बोनेटखालून जळका वास येतो, इंजिन खोलावं लागेल का?

तुम्ही लिहिलंय की पिकअप लोड घेऊन चढ चढली आणि थांबवली की वास येतो, धूर दिसत नाही, टेम्परेचरचा काटा जागेवर आहे आणि मेकॅनिक म्हणतोय इंजिन खोलू. थांबा जरा, एवढ्यावर इंजिन खोलू नका. माझ्या पिकअपला डिट्टो हेच झालेलं आणि मी त्यात दोनदा हात पोळून घेतलेत, एकदा खरोखरचे.

आधी वास नेमका कसला ते ठरवा, कारण "जळका" म्हणजे दहा गोष्टी असू शकतात. गोडसर वास म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. रबर जळल्यासारखा आणि सोबत किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे बेल्ट घसरतोय, नाहीतर एखादी पुली किंवा एसी कॉम्प्रेसर जाम होतोय (एसी बंद केल्यावर वास गेला तर तिथेच बघा). सडक्या अंड्यासारखा वास आला तर अल्टरनेटर बॅटरीला जास्त चार्ज देतोय का बघा, इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत, 15 च्या वर गेलं तर गडबड आहे. आणि लोड घेऊन चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरायची सवय असेल तर क्लच प्लेटचा वास पण अगदी असाच केबिनमध्ये भरतो, ते स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा, मेकॅनिकला नाही सांगितलं तरी चालेल.

प्लास्टिक किंवा वायर जळल्याचा वास असेल तर मात्र टाइमपास करू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळे उतरा. धूर येत असेल तर बोनेट सताड उघडायचं नाही, आत एकदम हवा गेली की भडका उडतो. धूर नसेल आणि सुरक्षित वाटत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आणि फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा टाकून गाडी चालवणारे महाभाग असतात, तसं करू नका, मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

पण तुमची लक्षणं वाचून मला तरी तेलच वाटतंय. टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) आणि इंजिन यांच्यामधल्या पॅकिंगमधून इंजिन ऑइल झिरपतं, ते खाली तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला जळका धूर गोळा करणाऱ्या पाइपावर) पडतं आणि जळतं. गाडी पळत असताना वारा तो वास खाली आणि मागे घेऊन जातो म्हणून कळत नाही, थांबलात की तोच वर येतो आणि काचेच्या खालच्या जाळीतून ब्लोअर त्याला आत ओढतो. ब्लोअर रीसर्क्युलेशनवर टाकून बघा, वास कमी झाला तर तो बाहेरून, बहुतेक बोनेटमधूनच येतोय.

शोधायची पद्धत सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या (मी नाही होऊ दिलं, मनगटावर डाग आहे अजून), डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून तेल कमी झालंय का बघा, मग अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचं तोंड पिशवीने झाकून इंजिन डीग्रीझरने धुवा. वाळलं की पिशव्या काढा, कव्हरच्या कडेने थोडी टाल्कम पावडर भुरभुरा आणि एक फेरी मारून या. जिथून तेल निघतं तिथे पावडर ओली होऊन काळी पडते. तेल खाली आणि मागे पसरतं, त्यामुळे सगळ्यात वरचा ओला डाग शोधायचा, खालच्या घाणीवरून अंदाज बांधला की चुकतो. हे करताना एखादा फडका किंवा उंदराने आणून ठेवलेला कचरा मॅनिफोल्डजवळ सापडला तर सुटलात, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

आता माझी चूक ऐका. मी पॅकिंग बदललं, महिनाभर बरं, परत वास. परत बदललं, बोल्ट चांगले आवळले, परत तेच. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. खरा घोळ ब्रीदर पाइपमध्ये, म्हणजे इंजिनच्या आतला गॅस बाहेर सोडणाऱ्या पाइपमध्ये होता, काळा चिखल भरून तो चोक झालेला. इंजिनच्या आतल्या गॅसला बाहेर पडायला वाट नसली की आत प्रेशर वाढतं आणि ते जिथे कमजोर जागा मिळेल तिथून तेल ढकलतं, मग पॅकिंग कितीही नवीन असू दे. आयडलवर इंजिन असताना ऑइल फिलरचं झाकण सैल करून नुसतं ठेवा, डिझेलला थोडं फुसफुसणं चालतं, पण झाकण उड्या मारत असेल तर आधी ब्रीदर साफ करा. तरी उड्या मारत असेल तर बहुतेक पिस्टनच्या रिंगा घासल्यात, आणि तेव्हा कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं) करूनच इंजिन खोलायची भाषा करायची.

पॅकिंग स्वतः बदलणार असाल तर कव्हर आणि हेडच्या (कव्हर ज्यावर बसतं त्या इंजिनच्या वरच्या भागाच्या) कडा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, अॅल्युमिनियमवर स्क्रूड्रायव्हर घासू नका. जिथे टायमिंग कव्हरचा (इंजिनच्या पुढच्या बाजूच्या झाकणाचा) जोड येतो त्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा छोटा थेंब, बाकी सगळीकडे थापायची गरज नाही. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत. टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचे ते, मॅन्युअलमध्ये बघा, बऱ्याच इंजिनांना 10 न्यूटन मीटरच्या आसपासच लागतो म्हणजे फारच कमी, ताकद लावली की कव्हर वाकतं आणि मग ते कायमचं गळतं, माझं दुसऱ्या वेळी तसंच वाकलं होतं. तुमच्या इंजिनात इंजेक्टरचे पाइप कव्हरवरून जात असतील तर मात्र हे काम मेकॅनिकलाच द्या.

काम झाल्यावर पहिले काही दिवस वास येतच राहील, मॅनिफोल्डवर आणि हीट शील्डच्या आत साचलेलं जुनं तेल जळून जायला वेळ लागतो, त्यामुळे लगेच घाबरून परत कव्हर उघडू नका, दर दोन दिवसांनी फक्त टॉर्च मारून कडा कोरड्या आहेत का तेवढं बघा.