यूकेत नोकरीबरोबर शिकवण्यांचे उत्पन्न आणि भारतात ठेवी असतील, तर सेल्फ असेसमेंट वेळेत कसे भरावे?

तुमच्या पगारातून पीएवायईखाली (कंपनीने पगारातूनच कर कापून भरण्याची पद्धत) कर कापला जातो, शनिवार-रविवारी तुम्ही शिकवण्या घेता आणि भारतातील बँकेत तुमच्या मुदत ठेवी आहेत. अशा स्थितीत २०२५-२६ चे सेल्फ असेसमेंट, म्हणजे स्वतः भरायचे करविवरणपत्र, ३१ जानेवारी २०२७ पर्यंत कसे पूर्ण करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी करसल्लागार नाही, परंतु अशाच मिश्र उत्पन्नाचे विवरणपत्र काही वर्षे स्वतः भरत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

तुम्ही ३१ जानेवारी ऐवजी ३० डिसेंबर हीच आपली मुदत मानावी, असे माझे मत आहे. ऑनलाइन विवरणपत्र ३० डिसेंबरपर्यंत दाखल केले आणि देणे ३,००० पौंडांपेक्षा कमी असले, तर नोकरदाराला ती रक्कम सामान्यतः पुढील कर वर्षात टॅक्स कोडमार्फत (किती कर कापायचा हे कंपनीला सांगणारा संकेतांक) पगारातून हप्त्याहप्त्याने वळती करून घेण्याची सवलत मिळते. एक दिवस उशीर झाला की ही सवलत जाते आणि सगळी रक्कम जानेवारीअखेर एकदम भरावी लागते.

पहिल्यांदाच भरणार असाल तर ५ ऑक्टोबर २०२६ पूर्वी एचएमआरसीकडे (यूकेचे कर खाते) नोंदणी करा, कारण दहा अंकी यूटीआर (करदात्याचा क्रमांक) हातात पडल्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. पहिल्या वर्षी मला हे डिसेंबरच्या मध्यावर उमगले आणि यूटीआरचे पत्र येईपर्यंत जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडला. पुढचे दहा दिवस कसे गेले ते विचारू नका. येथील कागदपत्रांचा फारसा त्रास नाही: पी६० (वर्षाचा पगार आणि कापलेला कर यांचा दाखला) कंपनीने ३१ मेपर्यंत द्यायचा असतो आणि कंपनीने दिलेल्या सुविधांचा तपशील असलेला पी११डी लागू असल्यास ६ जुलैपर्यंत मिळतो. शिकवण्यांच्या एकूण जमेतून एक तर १,००० पौंडांची ट्रेडिंग अलाउन्स (छोट्या व्यवसायाच्या उत्पन्नावरील सरसकट सूट) वजा करता येते किंवा प्रत्यक्ष खर्च. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

खरा वेळ खाते ते भारतातील व्याज. भारताचे आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च आणि येथील कर वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. त्यामुळे भारतातील बँक जो वार्षिक व्याजाचा दाखला देते, त्यातील आकडा येथे जसाच्या तसा उतरवता येत नाही. खात्याचा उतारा काढून ६ एप्रिल २०२५ ते ५ एप्रिल २०२६ या काळात जमा झालेले व्याज स्वतः मोजावे लागते आणि मग एचएमआरसीने प्रसिद्ध केलेल्या सरासरी दराने रुपयांचे पौंड करता येतात. एनआरई ठेवींचे (परदेशातील कमाई भारतात ठेवण्यासाठीचे अनिवासींचे खाते) आणि पीपीएफचे व्याज भारतात करमुक्त असल्यामुळे ते येथेही दाखवायचे नाही, असा समज आपल्या लोकांत फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. येथील रहिवाशाला सामान्यतः ते दाखवावेच लागते. एनआरओ ठेवीवर (भारतातील उत्पन्नासाठीचे अनिवासींचे खाते) भारतात ३० टक्के आणि वर उपकर कापला जातो, पण दोन्ही देशांतील करारानुसार व्याजावर भारताचा हक्क साधारणपणे १५ टक्क्यांपुरताच असल्याने येथील करातून त्याहून अधिक वजावट मिळत नाही. वरची रक्कम भारतात विवरणपत्र भरून परत मागावी लागते.

यूकेत नव्याने आलेल्यांना, त्यापूर्वीची सलग दहा वर्षे ते येथील रहिवासी नसतील तर, पहिली चार वर्षे परदेशी उत्पन्नावर सूट मागता येते. मात्र ती मागितल्यास १२,५७० पौंडांची पर्सनल अलाउन्स (करमुक्त उत्पन्नाची मर्यादा) गमवावी लागते, म्हणून थोड्याशा व्याजासाठी हा सौदा बहुधा तोट्याचाच ठरतो.

विवरणपत्र उशिरा गेले तर कर शून्य निघाला तरी १०० पौंड दंड बसतो. तीन महिन्यांनंतर दररोज १० पौंड, जास्तीत जास्त ९० दिवस. कर भरण्यातील दिरंगाईचा दंड आणि व्याज वेगळे. याखेरीज आगाऊ हप्त्यांचा नियम लक्षात ठेवा. देणे १,००० पौंडांहून अधिक असेल आणि एकूण कराच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी कर आधीच कापला गेला असेल, तर पुढील वर्षासाठी निम्मी रक्कम जानेवारीत आणि निम्मी ३१ जुलैपर्यंत मागतात. २,४०० पौंडांचे देणे असलेल्याला जानेवारीत ३,६०० भरावे लागतात, ते असे. तुमचा बहुतेक कर पगारातूनच जात असल्यामुळे तुम्हाला हे बहुधा लागू होणार नाही, पण शिकवण्या वाढल्या तर तपासून पाहा.

भारतातील एखाद्या बँकेचा उतारा डिसेंबरपर्यंत मिळालाच नाही, तर त्यासाठी विवरणपत्र अडवून ठेवू नका. काळजीपूर्वक काढलेला तात्पुरता आकडा भरा, तो तात्पुरता असल्याची खूण विवरणपत्रात करा आणि का ते टिपणीच्या चौकटीत लिहा. नेमका आकडा मिळताच दुरुस्ती करा. त्यासाठी ३१ जानेवारी २०२८ पर्यंत मुदत असते.