सप्टेंबर सातवा होता हे खरं, पण 'सप्तांबर' नव्हे

तुम्ही टाकलेला फॉरवर्ड मलाही दर डिसेंबरात दोन-तीन ग्रुपांवर येतो. सप्टेंबर म्हणजे सप्त-अंबर, ऑक्टोबर अष्ट-अंबर, पुढे नव-अंबर, दश-अंबर, म्हणून कॅलेंडर मूळचं आपलंच! आणि खाली ऑगस्टस बादशहाने फेब्रुवारीचा एक दिवस पळवल्याची गोष्ट. त्यात खरं किती, असं तुम्ही विचारलंय. पाव भाग.

सप्टेंबर खरोखर सातवा होता, कारण जुनं रोमन वर्ष मार्चला सुरू व्हायचं. लॅटिनमध्ये सात म्हणजे सेप्टेम, मग ऑक्टो, नोवेम, डेकेम. सप्त-अष्टशी ते जुळतात, कारण लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या. बहिणी आहेत, मायलेकी नाहीत. आणि अंबर लावायचंच तर पाचव्या-सहाव्याला का नाही? त्यांची नावं होती क्विंटिलिस आणि सेक्स्टिलिस. पंचांबर, षडंबर कुठे गेले, हे फॉरवर्डवाले कधी सांगत नाहीत. क्विंटिलिसचा जुलै झाला इ.स.पू. ४४ मध्ये, सेक्स्टिलिसचा ऑगस्ट इ.स.पू. ८ मध्ये.

वर्ष १ जानेवारीला सुरू होण्याचं कारण तर अगदीच सरकारी. रोममध्ये वर्ष ओळखलं जायचं त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या नावाने, आणि ते पदावर बसायचे १५ मार्चला. इ.स.पू. १५३ मध्ये स्पेनात लढाई पेटली, सेनापती लवकर धाडायचा होता, म्हणून शपथविधी १ जानेवारीवर आणला. तो तिथेच राहिला.

आता खरी गंमत. त्यांचं वर्ष ३५५ दिवसांचं, म्हणजे ऋतूंपासून दरवर्षी दहा दिवस घसरणारं. उपाय आपल्यासारखाच, अधिक महिना. फेब्रुवारी २३ किंवा २४ तारखेलाच तोडायचा आणि पुढे २७ दिवसांचा जादा महिना जोडायचा. फरक एवढाच की आपला अधिक मास गणिताने पडतो, त्यांचा पुरोहितमंडळ ठरवायचं, आणि त्या मंडळात राजकारणीच बसलेले. आपल्या माणसाचं पदावरचं वर्ष लांबवा, विरोधकाचं आखडा. रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो इ.स.पू. ५१ मध्ये सिलिशिया (आजच्या तुर्कस्तानातला) प्रांताचा सुभेदार होता आणि तिथे पुरता कंटाळला होता. रोममधल्या अ‍ॅटिकस या मित्राला तो पत्रांतून विनवत राहिला की यंदा अधिक महिना घालू देऊ नका. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच!

ज्युलियस सीझरच्या काळापर्यंत घोळ इतका वाढला की इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. त्यानंतर अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिस या खगोलशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने ३६५ दिवस आणि दर चौथ्या वर्षी एक जादा, अशी घडी बसली. पुरोहितांनी तीही बिघडवलीच. रोमन लोक मोजताना पहिलं टोकही धरायचे, त्यामुळे 'दर चौथ्या'चं त्यांनी दर तिसऱ्या वर्षी केलं. ऑगस्टसने पुढे काही लीप वर्षं गाळून ते निस्तरलं. म्हणजे दिवस चोरल्याचा आळ ज्याच्यावर, त्यानेच जास्तीचे दिवस काढून टाकले.

तो आळ तेराव्या शतकातल्या साक्रोबोस्को नावाच्या पंडितापर्यंत मागे जातो. त्याच्या मते फेब्रुवारी आधी २९ दिवसांचा होता, ऑगस्टसने त्यातला एक आपल्या महिन्याला घेतला. याला उत्तर एका भिंतीवर आहे. रोमच्या दक्षिणेला अँझिओ येथे १९१५ मध्ये गिलाव्यावर लाल-काळ्या रंगात रंगवलेलं कॅलेंडर सापडलं, सीझरच्या सुधारणेच्याही आधीचं. प्रत्येक महिन्याचा एक उभा रकाना, तळाशी दिवसांची संख्या. फेब्रुवारीखाली २८ आणि सेक्स्टिलिसखाली २९. त्याचे ३१ सीझरने केले, ऑगस्टस तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा होता. तुकडे जोडून ते आता रोमच्या पलाझ्झो मास्सिमो संग्रहालयात लावलंय. फोटो शोधलात तर रकाने मोजा, तेरा आहेत.