किल्ला सिमेंटचा असेल तर ओसाकात पाहायचं काय?

प्रश्न: ताई, मुलगा नोकरीनिमित्त ओसाकाला असतो. येत्या वसंतात आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. मला गडकिल्ल्यांची आवड आहे, पण ओसाकाचा किल्ला काँक्रीटचा आहे, आत लिफ्टसुद्धा आहे, असं ऐकून मन उडालं. शितेन्नोजी मंदिरही म्हणे नवीन बांधलेलं. मग ओसाका सोडून सरळ क्योतोला जावं का?
— एक निवृत्त वाचक

उत्तर: काका, क्योतोला जरूर जा, पण ओसाका सोडून नको. काँक्रीटचा आहे तो किल्ल्याच्या मधला मनोरा. त्याच्या भोवतीचे खंदक, तट, दरवाजे मात्र अस्सल आहेत. गड पाहणारा माणूस आधी तटाला हात लावतो, तसंच इथे करा.

तानिमाची योन्चोमे स्टेशनला उतरून ओतेमोन दरवाजातून आत शिरा. इथला सेनगान बुरूज 1620 चा आहे, लाकडी, आजही उभा. पुढे साकुरामोन दरवाजातून आत गेलात की समोर एक दगड भिंतीसारखा उभा दिसेल. त्याला ताकोइशी म्हणतात. दर्शनी भाग जवळजवळ साठ चौरस मीटर, वजन अंदाजे 108 टन. ओकायामाच्या सरदारानं तो समुद्रमार्गे आणून इथे बसवला. बहुतेक लोक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही कडेला जाऊन त्याची जाडी बघा. इतका मोठा दगड जेमतेम एक मीटरही जाड नाही. पाथरवटांनी कमीत कमी वजनात जास्तीत जास्त दरारा उभा केला आहे. जुन्या दगडी बांधकामांची दुरुस्ती हेच माझं काम, त्यामुळे मी त्या कोपऱ्यात सर्वांत जास्त रेंगाळते.

तटाची कथा अशी. तोयोतोमी हिदेयोशी या सेनानीनं 1583 मध्ये किल्ला बांधायला घेतला. त्याआधी याच जागी इशियामा होंगानजी हा बौद्ध मठ होता, इतका बळकट की ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला तो घ्यायला दहा वर्षं लागली. हिदेयोशीच्या पश्चात 1615 मध्ये तोकुगावा या प्रतिस्पर्धी घराण्यानं त्याच्या मुलाचा पाडाव केला आणि किल्ला जळाला. पुढे 1620 पासून तोकुगावांनी हिदेयोशीचे तट मातीखाली गाडले आणि त्यावर स्वतःचे, अधिक उंच तट चढवले. काम वाटून दिलं साठाहून अधिक सरदार घराण्यांना. प्रत्येकानं आपापल्या दगडांवर खूण कोरली आहे : वर्तुळं, बाण, घराण्यांची चिन्हं. या खुणा तटावर ठिकठिकाणी दिसतात, आणि किल्ल्याच्या उत्तर अंगाला असे दगड एकत्र मांडून ठेवले आहेत. कितीतरी दगड शोदोशिमा बेटावरून होड्यांनी आणले. जे उरले ते त्या बेटाच्या किनाऱ्यावर आजही पडून आहेत. चुना कुठेच नाही, दगडावर दगड. बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा तट पायापासून तीस मीटरच्या वर जातो, आणि त्याचा तो वर जाताना आत कलणारा बाक बघितलात की मन उडालं होतं हे तुम्ही विसराल.

गाडलेले तट 1959 च्या पाहणीत सापडले. एप्रिल 2025 पासून त्यांचा एक कोपरा जमिनीखाली उतरून पाहता येतो. मनोरा आणि हे भुयारी दालन मिळून मोठ्यांना 1,200 येन तिकीट आहे. खालचे दगड अनगड, जसे मिळाले तसे रचलेले, वरच्या घडीव दगडांहून अगदी निराळे. काहींवर आगीत भाजल्याचा लालसरपणा आहे. एका राजवटीनं दुसरीला अक्षरशः पुरलं, आणि दोन्ही तुम्ही एकाच तिकिटात पाहता. माझं ऐकाल तर आधी तट, मग हे दालन आणि सगळ्यात शेवटी मनोरा.

आता मनोऱ्याबद्दल. हिदेयोशीचा मनोरा 1585 ते 1615 टिकला, म्हणजे तीस वर्षं. तोकुगावांचा 1626 ला पुरा झाला आणि 1665 ला वीज पडून जळाला. आजचा 1931 सालचा. त्याला नव्वद वर्षं उलटून गेली, म्हणजे दोन्ही जुन्या मनोऱ्यांच्या वयाची बेरीज केली तरी हा थोरला ठरतो. 1928 मध्ये महापौर सेकी हाजिमे यांनी कल्पना मांडली आणि ओसाकाच्या लोकांनी 15 लाख येन वर्गणी जमवली. त्यातला मोठा हिस्सा लष्कराच्या मुख्यालयाची इमारत बांधण्यात गेला, कारण जागा लष्कराच्या ताब्यात होती. ती इमारतही मनोऱ्याशेजारी उभी आहे. महायुद्धात किल्ल्याच्या आवारातल्या शस्त्रास्त्र कारखान्यावर 14 ऑगस्ट 1945 ला, शरणागती जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, मोठा बॉम्बहल्ला झाला. मनोरा त्या युद्धातून वाचला. त्याच्या दगडी चौथऱ्याच्या ईशान्य कोपऱ्याला जाऊन बघा, बॉम्बच्या दणक्यानं सरकलेले दगड अजून तसेच आहेत. लोकांनी वर्गणी काढून बांधलेली आणि एवढं सोसलेली वास्तू मला तरी नकली म्हणवत नाही.

शितेन्नोजीचंही तसंच. स्थापना इ.स. 593, राजपुत्र शोतोकू यांच्या हातून. त्यानंतर आगी, लढाया, वादळं. पाच मजली पॅगोडा 1934 च्या वादळात कोसळला, पुन्हा उभारला तो 1945 मध्ये जळाला. आजचे मुख्य मंडप 1963 पर्यंत काँक्रीटमध्ये बांधले गेले. पण दरवाजा, पॅगोडा, मुख्य मंदिर आणि प्रवचन मंडप एका सरळ रेषेत असण्याची मूळ रचना त्यांनी हलू दिलेली नाही. मंदिर बांधायला कोरियातल्या बेक्चे राज्यातून सुतार बोलावले होते. इ.स. 578 पासूनची परंपरा सांगणारी कोंगो गुमी ही सुतारांची पेढी त्यांचीच. 2006 मध्ये ती दुसऱ्या उद्योगसमूहात गेली, तरी दर 11 जानेवारीला तिचे सुतार शितेन्नोजीत वर्षारंभाचा वाकस चालवण्याचा विधी करतात. इमारत जळते, हात शिल्लक राहतात.

प्रश्न: जपानमध्ये देऊळ कुठलं आणि बौद्ध मंदिर कुठलं, हे कसं ओळखायचं? आपण नमस्कार केला तर चालतो का? टाळ्या वाजवायच्या का? लोकांसमोर चुकायला नको वाटतं.
— एक वाचक भगिनी

उत्तर: जरूर करा नमस्कार. मनापासून हात जोडणाऱ्याकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहत नाही.

ढोबळ खूण अशी : प्रवेशाला तोरी म्हणजे दोन खांबांची कमान असेल तर ते शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान, आणि आत पॅगोडा, मूर्ती, उदबत्तीचा धूर असेल तर बौद्ध मंदिर. शिंतो देवस्थानात तोरीपाशी किंचित झुकून कडेनं आत जायचं, मधली वाट देवाची मानतात. पाण्याच्या कुंडावर पळीनं आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, आणि पुन्हा डावा हात. पळी तोंडाला लावायची नाही. पुढे पेटीत नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मनातलं बोलायचं, आणि एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, फक्त हात जोडायचे.

ही ढोबळ खूण शितेन्नोजीतच चुकते, आणि म्हणून ती जागा मला फार आवडते. त्या बौद्ध मंदिराच्या पश्चिम दारी 1294 ची दगडी तोरी उभी आहे, जपानमधल्या सर्वांत जुन्या दगडी तोरींपैकी एक. शेकडो वर्षं दोन्ही उपासना एकमेकींत मिसळलेल्या होत्या. 1868 मध्ये मेइजी सरकारनं त्या वेगळ्या करायला लावल्या. ओसाकातल्याच सुमियोशी ताइशा या शिंतो देवस्थानाच्या आवारातही बौद्ध मंदिर होतं. ते मोडलं आणि त्याचा एक मनोरा शिकोकू बेटावरच्या किरिहाताजी मंदिरात नेऊन उभा केला.

आणि ताई, इथे तुम्हाला ओळखीचे देव भेटतील. शितेन्नोजी ज्या चार रक्षकांच्या नावानं आहे ते चार दिशांचे लोकपाल. त्यातला उत्तरेचा तामोनतेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती. दोतोनबोरीच्या गजबजाटामागच्या अरुंद गल्लीत होझेनजी आहे, तिथला फुदो म्हणजे अचल, बौद्धांची एक रक्षक देवता. भक्त त्याच्यावर सतत पाणी ओततात, त्यामुळे सगळी मूर्ती हिरव्या शेवाळानं मढली आहे. तुम्हीही ओता, रांग लहानच असते.

देवळाचा शिक्का आणि हस्ताक्षर हवं असेल तर त्यासाठीची वेगळी वही तिथेच विकत मिळते. साध्या वहीत घेऊ नका. दर्शन आधी, शिक्का नंतर. साधारण 300 ते 500 येन लागतात, सुटे जवळ ठेवा.

प्रश्न: आई बहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात. किल्ला, शितेन्नोजी आणि सुमियोशी एका दिवसात होईल का?

उत्तर: एका दिवसात तिन्ही होतील, पण आईंचं त्यात काही पाहून होणार नाही. दोन दिवस करा.

तिन्ही ठिकाणं उएमाची या एकाच लांबट पठाराच्या ओळीत आहेत. उत्तर टोकाला किल्ला, मध्ये शितेन्नोजी, दक्षिणेला सुमियोशी. पश्चिमेला पूर्वी समुद्र जवळ होता, म्हणून शितेन्नोजीच्या पश्चिम दारातून सूर्यास्त पाहत प्रार्थना करायची प्रथा पडली. विषुवदिनी, मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सूर्य नेमका त्या दाराच्या रेषेत बुडतो. तारखा तुमच्या हातात असतील तर मार्चमधला तो दिवस साधा.

पहिला दिवस किल्ल्याला द्या. मनोऱ्यात लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंत आहे, वर आठव्यापर्यंत जिना. ज्यांना चढणं शक्य नाही त्यांना वरपर्यंत नेण्याची सोय आहे, दारातच सांगा. आवार खूप मोठं आहे, आईंच्या पायांतली ताकद ताकोइशीसाठी राखून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानिमाची मार्गावरच्या शितेन्नोजीमाए युहीगाओका स्टेशनला उतरा. आवार सपाट आहे, कासवांच्या तळ्याकाठी बसता येतं. दुपारी तेन्नोजीहून हांकाई ट्राम घ्या. घरांच्या अंगणांना खेटून जाणारी ही छोटी गाडी सुमियोशी देवस्थानाच्या दाराशी सोडते. तिथला लाल कमानी पूल भलताच उभा आहे. आईंना त्यावर चढवू नका, शेजारी सपाट वाट आहे. आतली चार मुख्य देवालयं 1810 ची, राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेली. छपरांना जपानी मंदिरांत नेहमी दिसणारा बाक नाही, सरळ उतार आहे. बौद्ध शिल्पकलेचा प्रभाव पडण्याआधीची ही धाटणी. चौघांचीही तोंडं पश्चिमेला, समुद्राकडे. समुद्र भराव टाकून कधीचा दूर गेला, पण खलाशांचे हे देव अजून तिकडेच बघतात. व्यापाऱ्यांनी अर्पण केलेले शेकडो दगडी दीपस्तंभ वाटेच्या दोन्ही अंगांना आहेत. त्यांवर कोरलेल्या नावांतून कुठला माल कुठून येत होता ते कळतं. तिथे घाई करू नका.

प्रश्न: गर्दी चालेल, पण खरं शहर बघायचंय. कधी जावं?

उत्तर: 9 ते 11 जानेवारीला इमामिया एबिसू या देवस्थानात जा, एबिसू हा धंद्याचा देव. धंद्याच्या बरकतीसाठी लोक बांबूच्या फांद्या घेऊन जातात. एबिसूला कमी ऐकू येतं असं मानतात, म्हणून देवळाच्या मागे जाऊन फळीवर ठोठावतात. उन्हाळ्यात 24 आणि 25 जुलैला ओसाका तेनमानगू या देवस्थानाचा तेनजिन उत्सव असतो, दुसऱ्या संध्याकाळी देवाची स्वारी होड्यांतून नदीवर निघते. इतर कुठल्याही महिन्यात 21 किंवा 22 तारखेला शितेन्नोजीच्या आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. सकाळी लवकर जा, चांगली भांडी नऊच्या आत संपतात.